फ्लँज कुठल्या फॅमिलीतला?

कारखान्यात शेकडो प्रकारचे जॉब थोड्या थोड्या संख्येने चालत असतील, तर मशिनं कशी मांडायची हा वाद जुना आहे. एक पद्धत म्हणजे सगळे लेथ एका रांगेत, मिलिंग दुसऱ्या रांगेत, ग्राइंडिंग वेगळ्या खोलीत; जॉबने डिपार्टमेंट ते डिपार्टमेंट फिरायचं. दुसरी पद्धत म्हणजे एकसारख्या जॉबच्या फॅमिली पाडायच्या आणि प्रत्येक फॅमिलीला लागणारी मशिनं जवळजवळ आणायची, म्हणजे जॉब एका कोपऱ्यात सुरू होऊन तिथेच संपतो. या दुसऱ्या विचाराला ग्रुप टेक्नॉलॉजी म्हणतात आणि मशिनांच्या त्या जुळणीला सेल. पुस्तकात हे दोन परिच्छेदांत उरकतं. प्रत्यक्षात ‘एकसारखं’ म्हणजे नक्की कशात सारखं, इथेच माणसं अडतात आणि लाखो रुपये अडकतात.

भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हिर्डोशी हे हिर्डस मावळातलं गाव. इथली जुनी पिढी पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. आताची मुलं-मुली शिरवळ आणि खेड शिवापूरच्या कारखान्यांत जातात. ज्या घरातला पुढचा संवाद आहे तिथे दोन्ही पिढ्या एकाच धंद्यातल्या. आप्पा पुण्यातल्या एका पंपाच्या कारखान्यात टर्नर होते, फोरमन होऊन निवृत्त झाले. त्यांची पुतणी शिरवळकडच्या एका कारखान्यात प्रोसेस प्लॅनिंग बघते. तिच्याकडे सेल करायचं ठरतंय. आप्पांना ते पटलेलं नाही.

आप्पा: मशीन हलवायचं म्हणजे फाउंडेशन आलं, लेव्हलिंग आलं, वायरिंग आलं. एवढं करून मिळणार काय? लेथ इथे असला काय नि तिथे असला काय, कापायला लागणारा वेळ तोच.

पुतणी: कापायच्या वेळेबद्दल मी बोलतच नाही, आप्पा. बार कापून आत आला तिथपासून जॉब डिस्पॅचला जाईपर्यंत किती दिवस जातात ते बघा. अमेरिकेतल्या सिनसिनाटी मिलाक्रॉन या मशीन टूल कंपनीतल्या लोकांनी १९७०च्या दशकात हा हिशेब मांडला होता. बॅचने काम चालणाऱ्या शॉपमध्ये जॉब एकूण वेळेच्या जेमतेम ५ टक्के मशीनवर असतो. उरलेले ९५ टक्के ट्रॉलीत, रॅकवर, नाहीतर इन्स्पेक्शनच्या टेबलाखाली. आणि त्या ५ टक्क्यांतसुद्धा धातू प्रत्यक्ष कापला जातो तो तिसऱ्या हिश्श्याहून कमी. बाकी बांधणं, मापणं, सोडणं.

आप्पा: पडून राहतो तो पीपीसीच्या, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगवाल्यांच्या नावाने. लोडिंग नीट केलं तर जॉब कशाला पडून राहील?

पुतणी: तुमच्या वेळी नीट होतं का?

आप्पा: नव्हतं. पण म्हणून कुणी लेथ उचलून ग्राइंडिंगशेजारी नेला नाही. लेथ सेक्शनमध्ये बारा लेथ असले की एक बंद पडला तर काम अकरांवर वाटता येतं. तुझ्या सेलमध्ये ग्राइंडिंगचं मशीन एकच. त्याचं स्पिंडल बेअरिंग गेलं की सगळी फॅमिली उपाशी.

हा आक्षेप आप्पांनी सुरुवातीलाच टाकला आणि तो पक्का आहे. सेलची आखणी करणारे बहुतेक जण तो मेंटेनन्सवर ढकलतात. पुतणीने तो बाजूला ठेवला, पण सोडला नाही. पुढे त्याचं उत्तर येतं.

पुतणी: आधी सेटिंगचं बघू. समजा, पंपाच्या शाफ्टवरची स्लीव्ह. वेगवेगळ्या मॉडेलच्या मिळून बारा साइज. आत्ता प्रत्येक साइज वेगळा जॉब म्हणून लेथवर येते. जॉ बदला, टूल बदला, झिरो घ्या; समजा ९० मिनिटं. बारा साइजची १०८० मिनिटं, म्हणजे १८ तास. तेच बारा साइज सलग घेतल्या आणि टूल पोस्टवर सगळ्यांना चालेल असा एकच टूलचा संच ठेवला तर? पहिल्या सेटिंगला ९०, पुढच्या अकरांना फक्त कॉलेट नि ऑफसेट बदलायचा, १५-१५ मिनिटं. २५५ मिनिटांत काम झालं. पावणेचौदा तास वाचले, आणि एकही मशीन हललं नाही.

आप्पा: हे तर आम्हीही करायचो. सारखे जॉब एकामागून एक घ्यायचे हे कुठल्याही शहाण्या टर्नरला कळतं.

पुतणी: कळतं, पण ते टर्नरच्या डोक्यात राहतं. लेनिनग्राडच्या सर्गेई मित्रोफानोव यांनी तेच कागदावर आणलं. १९५९मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांची युक्ती अशी की फॅमिलीतल्या सगळ्या जॉबची वैशिष्ट्यं एकाच काल्पनिक जॉबवर काढायची. एका स्लीव्हला खोबण आहे, दुसरीला चांफर, तिसरीला आतून थ्रेड. काल्पनिक स्लीव्हला हे तिन्ही. असा जॉब कधीच बनत नाही, पण सेटिंग त्याच्यासाठी बांधायचं. मग प्रत्यक्षातला कुठलाही जॉब आला की त्यातली नको ती ऑपरेशनं गाळायची. आता सीएनसीवर आम्ही प्रोग्रामही तसाच करतो. एकच प्रोग्राम, मापांच्या जागी व्हेरिएबल.

आप्पा: बरं, हे मान्य. पण याची दुसरी बाजू ऐक. आपल्या गिरणीत सुगी झाल्यावर काय चालतं? गिरणीवाला आलेली सगळी इंद्रायणी आधी काढतो. रबर रोलरमधलं अंतर एकदा जमलं की जाड्या भातासाठी ते परत बदलायला नको. त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण ज्याने एकच पोतं जाडं भात आणलंय, तो सकाळी सातला येऊन दिवेलागणीला घरी जातो. तुझ्या बारा साइजमधली अकरा नंबरची साइज तशीच ताटकळणार. आणि नेमका त्याच पंपाचा गिऱ्हाईक फोनवर बसलेला असणार.

पुतणी: बसलेला असतोच. यावर ब्रिटनमधल्या जॉन बर्बिज यांचा उपाय मला सगळ्यात पटतो. ठरावीक छोटा काळ धरायचा, समजा आठवडा. त्या आठवड्यात फॅमिलीतली प्रत्येक साइज एकदा आलीच पाहिजे, पण फक्त त्या आठवड्याला लागेल तेवढीच. मोठी बॅच काढून रॅक भरायचा नाही. जाड्या भाताची पाळी रोज ठरलेल्या वेळी लागली तर तो माणूस त्याच वेळी येईल ना?

आप्पा: मग सेटिंग वाढली. आठवड्याला बारा. तू वाचवलेले पावणेचौदा तास पुन्हा गेले.

पुतणी: वाढली, पण १५-१५ मिनिटांची. ९० मिनिटांचं सेटिंग असतं तर हे परवडलं नसतं, हे खरं.

आप्पा: तेच म्हणतोय मी. मग सेटिंगच कमी करा. टोयोटात जपानी लोकांनी मोठ्या प्रेसचं सेटिंग पार मिनिटांवर आणलं, असं आमच्या साहेबांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

पुतणी: शिगेओ शिंगो. १००० टनी प्रेस, चार तासांचं सेटिंग. आधी दीड तासावर, मग तीन मिनिटांवर. १९६९ची गोष्ट.

आप्पा: हां. सेटिंग तीन मिनिटांचं झालं तर कुठलाही जॉब कधीही घ्या. फॅमिली पाडायचा खटाटोप कशाला?

इथे पुतणी थोडी थांबली. मला हा या संवादातला सगळ्यात धारदार मुद्दा वाटतो. ग्रुप टेक्नॉलॉजीचा बराचसा बाजार सेटिंगच्या बचतीवर उभा आहे. सेटिंग स्वस्त झालं की तो आधार निघतो. तरीही तिचं उत्तर ऐकण्यासारखं आहे.

पुतणी: सेटिंगपुरतं तुमचं बरोबर आहे. पण सेटिंग शून्य झालं तरी जॉबला लेथ सेक्शनमधून उठून ग्राइंडिंगच्या खोलीत जायचंय. ट्रॉली भरेपर्यंत थांबायचंय. तिथे सात फोरमनचे जॉब रांगेत आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लेथवर ग्राइंडिंगसाठी मटेरियल कमी सोडलं गेलं तर ते कळतं ग्राइंडरला, दोन आठवड्यांनी, सगळी बॅच झाल्यावर. सेलमध्ये दोघं हाकेच्या अंतरावर असतात. दुसऱ्या जॉबलाच तो ओरडतो.

आप्पा: ते मात्र खरंय. असल्या बॅचा मी भंगारात जाताना बघितल्यात. आणि मग टर्नर म्हणतो माझं बरोबर होतं, ग्राइंडर म्हणतो माझं. बरं, मला एक सांग. तुझ्याकडे जॉब हजारोंनी. फॅमिली कोण पाडणार? ऑफिसात बसलेला पोरगा ड्रॉइंगं बघून?

पुतणी: तोच तर आमच्याकडे वाद आहे. जर्मनीत आखेनच्या प्राध्यापक हान्स ओपिट्झ यांनी जॉबला आकड्यांचा कोड द्यायची पद्धत काढली. मुख्य कोड पाच आकडी. पहिला आकडा जॉबची जात सांगतो. गोल जॉब असेल तर लांबी व्यासाच्या निम्म्यापर्यंत असली की शून्य. निम्म्याच्या वर पण तिपटीच्या आत असली की एक. तिप्पट किंवा जास्त असली की दोन. म्हणजे फ्लँज शून्य, बुश एक, शाफ्ट दोन. दुसरा आकडा बाहेरच्या आकाराचा, तिसरा आतल्या, चौथा सपाट मशीनिंगचा, पाचवा भोकं नि दातांचा. मागे आणखी चार आकडे असतात माप, मटेरियल, कच्चा माल आणि अचूकतेचे.

आप्पा: म्हणजे कॉम्प्युटरला सांगितलं की शून्यवाले सगळे एका सेलमध्ये, एकवाले दुसऱ्या.

पुतणी: आमच्या सल्लागाराचं म्हणणं साधारण तसंच आहे.

आप्पा: आण ती वही.

आप्पांनी वहीत आडवे रकाने पाडले: लेथ, सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, मिलिंग, ड्रिलिंग. डाव्या बाजूला खालीखाली जॉब: शाफ्ट, ब्रॅकेट, स्लीव्ह, कव्हर, पिन, फ्लँज. ज्या जॉबला जे मशीन लागतं तिथे फुली. शाफ्टला लेथ आणि ग्राइंडिंग. ब्रॅकेटला मिलिंग आणि ड्रिलिंग. स्लीव्हला लेथ आणि ग्राइंडिंग. कव्हरला मिलिंग आणि ड्रिलिंग. पिनला लेथ आणि ग्राइंडिंग. फ्लँजला लेथ आणि ड्रिलिंग. मग पुतणीने त्याच ओळी खाली पुन्हा लिहिल्या, पण क्रम बदलून: शाफ्ट, स्लीव्ह, पिन, मग फ्लँज, मग ब्रॅकेट, कव्हर. वरच्या डाव्या कोपऱ्यात फुल्यांचा एक चौकोन गोळा झाला, खालच्या उजव्या कोपऱ्यात दुसरा. मध्ये फ्लँज एकटा: एक फुली या चौकोनात, एक त्या चौकोनात.

बर्बिज यांनी १९६०च्या दशकात मांडलेलं प्रॉडक्शन फ्लो अॅनालिसिस म्हणजे हेच. ड्रॉइंग बघायचं नाही, कोड लावायचा नाही. रूट कार्डावरून जॉब कुठकुठे जातो एवढंच बघायचं आणि ओळी-रकाने वरखाली करत फुल्या गोळा करायच्या. जे. आर. किंग यांनी १९८०मध्ये हे ओळी लावण्याचं काम यांत्रिक करून टाकलं, म्हणजे ते कॉम्प्युटरला देता आलं. पण सहा जॉब असले तर वही पुरते.

आप्पा: आता बघ. तुझ्या सल्लागाराच्या कोडात फ्लँज आणि बुश शेजारी शेजारी. दोन्ही गोल, दोन्हींना मध्ये भोक. पण फ्लँजच्या पीसीडीवर, म्हणजे बोल्टच्या वर्तुळावर, सहा भोकं पाडायला ड्रिलिंग लागतं आणि बुशला ग्राइंडिंग. दिसायला भाऊ, वाटा वेगळ्या.

पुतणी: हेच मला मीटिंगमध्ये नीट सांगता येत नव्हतं. आकार सारखा असणं वेगळं आणि रस्ता सारखा असणं वेगळं.

आप्पा: मग कोड कशाला ठेवता?

पुतणी: डिझाइनसाठी ठेवू. नवा पंप आला की डिझाइनवाले नवीन बुश काढतात, कारण जुनी सापडत नाही. एक मिलीमीटर इकडेतिकडे अशा बुशची ढिगाने ड्रॉइंगं जमतात आणि प्रत्येकाचा वेगळा गेज, वेगळं मॅन्ड्रेल. कोड टाकला की जुन्या दहा बुश समोर येतात, त्यातली एक चालते का बघायची. तिथे आकार सारखा असणं हेच कामाचं. मशीन कुठे ठेवायचं हे मात्र कोडला विचारायचं नाही.

या भेदाचं उलटं उदाहरण भोरचंच नाव लावणाऱ्या एका कंपनीचं आहे, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे. भोर इंडस्ट्रीज विरुद्ध कलेक्टर ऑफ सेंट्रल एक्साइज हा १९८९चा निकाल अबकारी करातला नावाजलेला आहे. कंपनी लेदर क्लॉथ, ज्यूटचं मॅटिंग आणि पीव्हीसी टेप बनवत होती. दुकानात या तिन्ही वस्तू एकाच गिऱ्हाइकाच्या नजरेत शेजारी यायच्या नाहीत. पण तिन्हींच्या प्रक्रियेत मध्येच पीव्हीसीची कच्ची फिल्म तयार होत होती. अबकारी खातं म्हणत होतं की ही फिल्म स्वतंत्र माल आहे, तिच्यावर कर द्या. न्यायालयाने सांगितलं की जी वस्तू त्या अवस्थेत बाजारात विकली जात नाही, जिला बाजार ओळखत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्क लागत नाही. पुतणीने हा निकाल कंपनीच्या अकाउंट्समधल्या सहकाऱ्याकडून ऐकला होता.

पुतणी: मला त्यातलं करापेक्षा दुसरंच काही आवडलं. बाजाराला जी वस्तू वस्तूच वाटत नाही, ती कारखान्याच्या आखणीत तिन्ही मालांची आई आहे. विक्री खात्याला विचारलं तर ते तीन डिव्हिजन करा म्हणतील. मशीनला विचारलं तर ती एकच फॅमिली आहे, फिल्मपर्यंत.

आप्पा: फिल्मपर्यंत. पुढे वाटा फुटल्या. म्हणजे फॅमिली पूर्ण जॉबची असते असंही नाही, प्रवासाच्या एका टप्प्याचीही असते.

पुतणी: हो. म्हणूनच आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी मी कुठल्याच सेलमध्ये घेणार नाही. ती सगळ्यांची. तिला तोडून दोन करता येत नाही आणि अर्धी भरून चालवली तर वीजबिल परवडत नाही.

आप्पा: आणि शाफ्टचं इंडक्शन हार्डनिंग?

पुतणी: ते लहान मशीन आहे, लेथ आणि ग्राइंडिंगच्या मध्ये सेलमध्येच बसेल.

आप्पा: मग ग्राइंडिंग बंद पडलं तर?

पुतणी: तुमचा पहिला प्रश्न मी विसरले नाही. प्रत्येक फॅमिलीच्या रूट कार्डाच्या मागे दुसरा रस्ता छापून ठेवायचा. सेलमधलं ग्राइंडिंग बंद पडलं तर दुसऱ्या सेलमधल्या कुठल्या मशीनवर, कुठल्या फिक्श्चरने. आधी ठरवलेलं आणि एकदा चालवून बघितलेलं. बारा लेथची सोय त्याने येत नाही, हे मी मान्य करते.

आप्पा: आणि माणसं? आयटीआयला टर्नर वेगळा, मशिनिस्ट वेगळा, मशिनिस्ट ग्राइंडर वेगळा. सेलमध्ये तू एका माणसाकडून तिन्ही कामं करून घेणार. पंधरा वर्षं ग्राइंडिंगवर घालवलेल्या माणसाला व्हील ड्रेस करताना आवाजावरून कळतं. त्याला ड्रिलिंगवर उभा केलास तर तो हात वाया गेला.

पुतणी: त्याला ड्रिलिंगवर उभा करायचा नाही, ड्रिलिंगवाल्याला ग्राइंडिंग शिकवायला लावायचा. आणि जो तीन मशिनं चालवतो त्याला पगार तीन मशिनांच्या हिशेबाने. हे न करता सेल केला तर तुमचा विरोध योग्य आहे. पगाराचं आमच्याकडे अजून कुणी बोललेलं नाही. मीही नाही.

आप्पा: बोल मग. मशीन हलवण्याआधी बोल.

माझं मत सांगतो. मांडणीच्या बाबतीत पुतणी बरोबर आहे. शेकडो जॉब थोड्या थोड्या संख्येने करणाऱ्या कारखान्यात डिपार्टमेंटची रांग म्हणजे जॉबसाठी प्रतीक्षालयांची रांग असते. पण सेलमध्ये काय घालायचं हे आकारावरून ठरवलं, तर आप्पांची सगळी भीती खरी ठरते. फ्लँज चुकीच्या सेलमध्ये जातो, ड्रिलिंगसाठी रोज बाहेर पडतो, आणि पाच-सहा महिन्यांत पुन्हा ट्रॉल्या फिरू लागतात. मग लोक म्हणतात, सेल चालत नाही. फ्लँजसाठी दोघांनी शेवटी स्वस्त मार्ग काढला. लेथच्या सेलमध्ये एक साधं पिलर ड्रिलिंग मशीन. ते दिवसाचे बहुतेक तास रिकामं राहील आणि ते राहू द्यावं, असं आप्पाच म्हणाले. मशीन सतत चाललंच पाहिजे, हा आग्रह ज्या माणसाने आयुष्यभर धरला त्याने हे म्हणावं, याला मी मोल देतो.

आणि फॅमिली ही कायमची नसते. पंपाचं मॉडेल बदललं, नवं मटेरियल आलं, सीएनसी टर्निंग सेंटरवरच आडवी भोकं पाडता यायला लागली, की फुल्यांची जागा बदलते. वही दरवर्षी पुन्हा भरावी लागते.

वही मिटताना आप्पांनी एक गोष्ट विचारली.

आप्पा: हे रूट कार्ड तू कुठून घेतलंस?

पुतणी: सिस्टीममधून.

आप्पा: शाफ्टचं इंडक्शन हार्डनिंग झालं की तो वाकतो. ग्राइंडिंगला देण्याआधी हँड प्रेसवर, डायल लावून सरळ करावा लागतो. तुझ्या कार्डावर ते ऑपरेशन आहे का?

पुतणी: नाही.

आप्पा: आमच्याही नव्हतं. प्रेस टूल रूममध्ये होता. शाफ्ट सगळं शॉप ओलांडून तिथे जायचे आणि परत यायचे.

तेव्हा शिरवळ, खेड शिवापूर, भोसरी, कोल्हापूर, जिथे कुठे कुणी सेल करायच्या बेतात असेल त्यांना विनंती: मशीनला हात लावण्याआधी मागच्या सहा महिन्यांची रूट कार्डं काढा, आणि ती भरताना मशीनवरचा सेटर शेजारी बसवा. कार्डावर न लिहिलेली ऑपरेशनं त्यालाच माहीत असतात.